गेटची दुसरी किल्ली

जळकोटचे दगडोबा, दगडोबांचे हनुमंत, हनुमंतांचे व्यंकट. आणि व्यंकटची गीतांजली माझ्या लातूरच्या घरात वरच्या खोलीची भाडेकरू. शिकलेली परिचारिका, बोलायला स्पष्ट.

अकरा महिन्यांच्या करारात तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली होती : गेटची एक किल्ली भाडेकरूकडे राहील. मी ती खोडली.

"भाडं वेळेवर देते ना, आज्जी? मग जाया-यायला किल्ली नको?"

"गेट मीच उघडते, मीच लावते. चाळीस वर्षांचा शिरस्ता आहे."

ती हसली आणि तिने सही केली. खोलीची तिला निकड होती.

वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, रब्बीच्या पिकांची पूजा करायला अर्धे लातूर शेतात असते. त्या दिवशी घरात कोणी राहते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. सकाळी आठला आम्ही औशाकडच्या शेताला निघालो. मी गेटला कुलूप घातले. वर हाक मारली नाही.

शेतात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा मांडून झाली होती, आंबिलाचा माठ अजून झाकलेला होता. तेवढ्यात मुलाने, रामलिंगने, फोन माझ्या हातात दिला. गीतांजली होती.

"आज्जी, मी आतच हाय! गेटला कुलूप हाय."

"येळवशीला घरात कोण बसतं गं?"

"नांदेडला येळवशीची सुट्टी न्हाई, आज्जी. दोन वाजता दवाखान्यात मुलाखत हाय. गल्लीत हाक मारायला माणूस न्हाई. गेटवरचे भाले तुमीच बसवून घेतलेत, न्हाईतर कवाच उडी मारली असती."

दहा वाजले होते. नांदेड तीन तासांवर.

"आई, पूजा तरी होऊ दे," रामलिंग म्हणाला.

"गाडी काढ."

वाटेत मला जळकोटचे दिवस आठवले. रामलिंगला ठाऊक नव्हते, गीतांजलीलाही नव्हते. मी तिचे आडनाव आणि गाव ऐकले त्याच दिवशी ओळखले होते. लग्नानंतर मी आणि माझे यजमान अण्णाराव जळकोटला हनुमंतांच्याच खोलीत भाड्याने राहिलो. अण्णाराव तिथे शिक्षक होते, मी सोळा वर्षांची. पहिल्याच दिवशी हनुमंतांनी बाहेरच्या दाराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. "बाई, भाडं देता तुमी. जाया-यायला आमाला काय इचारायचं?" माहेरी किंवा सासरी माझ्या हाती तोवर कोणी किल्ली दिली नव्हती. त्या उपकाराची परतफेड मी कधी केली नाही. त्यांच्या नातीला तर मी किल्लीच नाकारली होती.

साडेदहाला कुलूप काढले. गीतांजली फाइल छातीशी धरून गेटशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत राग होता. तो रास्त होता.

"रामलिंग, थेट नांदेड. कुठे थांबायचे नाही."

गाडी गेली. शेतात परतायला मला वाहन उरले नाही. पन्नास वर्षांत प्रथमच मी त्या दिवशी घरी बसून कालची पोळी खाल्ली. मग करार काढला, खोडलेली ओळ खाली पुन्हा लिहिली आणि सही केली.

संध्याकाळी ती आली. "दहा मिनिटं आधी पोचले, आज्जी. मुलाखत झाली."

मी करार पुढे केला. तिने ती ओळ वाचली, सही केली.

"आता मला विचारायचं कारण नाही," मी म्हणाले, आणि गेटची दुसरी किल्ली तिच्या हातावर ठेवली. हनुमंतांचे देणे पुरते फिटले.