मोतीलालभाऊंच्या काचपट्ट्या

मी धुळ्याच्या एका कॉलेजातला मायक्रोस्कोप. अंबाल्याहून लाकडी पेटीत आलो, त्याला चाळीस वर्षं होत आली. कागदोपत्री मी कॉलेजचा. पण माझा माणूस एकच, प्रयोगशाळेतले परिचर मोतीलालभाऊ.

भाऊ दहावी शिकलेले. पण चेतापेशीची काचपट्टी त्यांच्यासारखी प्राध्यापकांनाही जमत नसे. गनीभाईंच्या मटणाच्या दुकानातून ते बकऱ्याचा मेंदू आणत. त्याचे तुकडे आधी नारिंगी द्रावणात, मग चांदीच्या क्षारात मुरवत ठेवत. नंतर काप काढून माझ्याखाली ठेवला की पिवळ्या जागेवर एखादीच पेशी काळीभोर उमटे, सगळ्या फांद्यांसकट.

सुट्टीत त्यांची मुलगी प्रज्ञा सोबत येई. वर्षानुवर्षं वर्गाच्या दाराशी उभं राहून ऐकलेलं भाऊ तिला सांगत.

"ही रीत इटलीना गोल्जीनी काढी. तो म्हने, बठ्ठ्या पेशीसनं एकच जाळं शे. स्पेनना काहालनी तीच रीत वापरी अन सांगं, नही, परतेक पेशी येगळी शे. दोन्हीसले एकच बक्षीस भेटनं. तरी गोल्जी तठेबी जाळंच म्हने."

"मग खरं कोणाचं, बाबा?"

"काहालनं. पन तू मन्हं ऐकू नको. पेशीले इचार."

दोन पेशींमधली फट नजरेला पडायला त्या बक्षिसानंतर पन्नास वर्षं आणि माझ्याहून फार मोठं यंत्र लागलं. मला तेवढं दिसत नाही. पण प्रज्ञाचा डोळा माझ्यावरून हलत नसे. ती शिकली, आणि त्याच प्रयोगशाळेत शिकवायला लागली. त्या दिवशी भाऊंनी मला दोनदा पुसलं.

एके दिवशी भाऊंच्या हातून काचपट्टी पडली. आठवड्याने दुसरी. मग माझा स्क्रू फिरवताना त्यांचा अंगठा थरथरू लागला. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरताहेत. औषध नाही.

वर्षभरानं प्रज्ञा त्यांना चाकाच्या खुर्चीतून प्रयोगशाळेत घेऊन आली. त्यांनीच हट्ट धरला होता. तिनं जुनी काचपट्टी लावली, त्यांचं डोकं धरून डोळा माझ्यापाशी आणला. स्क्रू तीच फिरवत होती.

"थोडं मागं," भाऊ म्हणाले. जीभ जड झाली होती. "हां. दिसनी."

बराच वेळ ते बघत राहिले.

"मरताना कशी दिसत व्हई गं?"

प्रज्ञानं त्यांच्या डोळ्याखालचं पाणी पुसलं, कारण त्यांचा हात उचलला जात नव्हता.

दिवाळीआधी भाऊ गेले.

आता पेशी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. मी कपाटात. परवा प्रज्ञानं खडूसाठी कपाट उघडलं. तिचा हात माझ्या स्क्रूवर टेकला आणि तिथंच राहिला. मागून मयुरी नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, हा चालतो का?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

चालतो गं, प्रज्ञा. स्क्रू जरा घट्ट झालाय, थोडं तेल लागेल. भिंगं स्वच्छ आहेत. भाऊंनी केलेल्या अकरा काचपट्ट्या खालच्या खणात आहेत. तुला बघवत नसेल तर राहू दे. त्या मुलीला तरी बघू दे.