गंग्याच्या नावाचं कुलूप

आमच्या काळाचौकीच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर गणपतीत नवीन संडास बांधून झाला. कमोडवाला. भिंतीवर खासदार गंगाधर परुळेकरांच्या नावाची संगमरवरी पाटी आणि दाराला कुलूप, कारण उद्घाटन व्हायचं होतं. साहेबांच्या कात्रीशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. मागे एक स्पीडब्रेकर महिनाभर ताडपत्रीखाली होता.

साहेब म्हणजे याच मजल्यावरचा गंग्या. आधी मंडळाचा कार्यकर्ता, मग नगरसेवक, मग आमदार. दर बढतीला चाळीपासून आणखी लांब राहायला गेला. शेवटी दिल्ली.

शेजारच्या आनंदीबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. उकिडवं बसायचं नाही, म्हणून त्या जिना उतरून, रस्ता ओलांडून भाचीकडच्या कमोडवर जायच्या. दिवाळीनंतर जिन्यात पडल्या. साहेबांचा पीए उन्मेष, त्याला मी फोन लावला.

"चावी दे रे. बाई पडल्यात."

"साहेब अधिवेशनात आहेत. कालच वृद्धांच्या शौचालयांवर बोलले. क्लिप पाठवू?"

क्लिपमध्ये गंग्या डोळे पुसत होता.

"मेलो गंग्या माझ्यासाठी रडता," आनंदीबाई म्हणाल्या, "आणि चावी खिशात."

शिमग्याच्या तोंडावर साहेब आले. उन्मेष कुलूप काढून, फीत बांधून त्यांना आणायला खाली गेला. तेवढ्यात मी फीत वर धरली आणि बाई आत गेल्या.

बेंजो वाजला. साहेबांनी फीत कापून दार ढकललं. आतून कडी.

"कोण आहे?"

"माझा नंबर आहे," आतून आनंदीबाई.

बेंजो थांबला.

"काकी, मी गंग्या. एक फोटो काढतो फक्त."

"मी गणपतीपासून थांबलंय. तू जरा थांब."

"साहेबांची फ्लाईट आहे," उन्मेष म्हणाला.

"लहानपणी त्याची शाळा असायची. पोट धरून उभा राहायचा, मी माझा नंबर द्यायचे. आज नाही देत."

साहेब माझ्याकडे वळले. "अरे, तू तरी सांग ना तिला."

"लाईनीत या साहेब. तुमच्या आधी कमलकाकू आहेत."

कमलकाकू बादली घेऊन उभ्या होत्याच. सरकल्या नाहीत. साहेबांनी बंद दारासमोर कात्री धरून फोटो काढला आणि गेले. संध्याकाळी तो फेसबुकवर आला: 'काकींना दिलेला शब्द पाळला.'

कमोड जरा उंच बसलाय, बाईंचे पाय टेकत नाहीत. मी पाटी उचकटली आणि त्यांच्या पायांखाली ठेवली. नावाची बाजू वर.