चोवीस वड्यांचा ट्रे

मी बोलतोय तो ओव्हनखालच्या खणातून. आवाज जरा पत्र्याचा येईल, सांभाळून घ्या. मी एक ट्रे आहे. दीड वीत लांब, वीतभर रुंद, दोन बोटं खोल. एका कोपऱ्याला पोचा आहे आणि पाठीवर कागदी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव आहे : थेल्मा.

अमेरिकेतल्या आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात भांड्याच्या पाठीवर नाव लागतंच. चर्चच्या जेवणाला वीस घरांची भांडी एका टेबलावर येतात, नाव नसलं की भांडं गेलंच म्हणून समजा. आणि परत येताना ते रिकामं येत नाही. माझ्यातून आजवर अंडी आली, टोमॅटो आले, एकदा तर मांजराचं पिल्लूही आलं. ते अजून घरातच आहे आणि माझ्यात झोपायला टपलेलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. थेल्माच्या लग्नात आहेर म्हणून आलो. कोपऱ्याचा पोचा अस्वलामुळे पडला. पक्ष्यांचे दाणे खायला एक अस्वल ओसरीवर आलं होतं. थेल्माने हाताला लागेल ते उचललं, तो मी होतो, आणि खांबावर दणादणा बडवलं. अस्वल पळालं, पोचा राहिला. ती अजून तो पोचा पाहुण्यांना दाखवते, आणि मीही तेवढ्यापुरता जरा ताठ बसतो.

पण माझं खरं काम वड्यांचं. ओटच्या वड्या. दुकानवाले त्यांना ग्रॅनोला बार म्हणतात आणि चकचकीत कागदात गुंडाळतात. थेल्माची कृती एका तेलकट कार्डावर आहे : ओट चार वाट्या, चिकट काहीतरी, कुरकुरीत काहीतरी, चघळायला काहीतरी. कोणी विचारलं, "काहीतरी म्हणजे नक्की काय?" की तिचं उत्तर ठरलेलं, "घरात असेल ते." म्हणून माझ्यात भोपळ्याच्या बिया पडल्या, अक्रोड पडले, वाळवलेली सफरचंदं पडली, एका वर्षी नाताळातल्या उरल्यासुरल्या बिस्किटांचा चुरासुद्धा पडला. वड्या मात्र चोवीसच. इतकी वर्षं सुरी फिरली आहे की तिच्या रेघा माझ्या तळाला कोरल्या गेल्या आहेत.

जूनच्या पहिल्या शनिवारी गावातली टोळी डोंगरावरची पायवाट साफ करायला निघते. हिवाळ्यात आडवी पडलेली झाडं कापायची, पाण्याला वाट करून द्यायची, वाट दाखवणाऱ्या झाडांवरच्या पांढऱ्या खुणा पुन्हा रंगवायच्या. पहिल्या मोठ्या खडकाशी सगळे टेकतात. थेल्मा माझ्यावरचं फडकं काढते, जो तो एक घास घेतो आणि ओळखायला लागतो, यंदा आत काय घातलंय. एकोणतीस वर्षं हा खेळ चालला होता.

यंदा मार्चमध्ये ती बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हातात जोर येईना. मेच्या अखेरीस वेंडेलचा फोन आला. वेंडेल टोळीचा म्होरक्या. मनाने सोन्यासारखा, बोलायला धसमुसळा.

"थेल्मा, यंदा तू आराम कर. वड्यांची दोन खोकी आणलीत मी दुकानातून. तू कशाला त्रास घेतेस?"

थेल्माने फोन ठेवला. "मनगट मोडलंय माझं, पाय नाही मोडलेले," ती भिंतीकडे बघून म्हणाली. मग खुर्चीत बसली. "ऑरिन," ती नवऱ्याला म्हणाली, "यंदा आराम कर म्हणाले. पुढच्या वर्षी फोनसुद्धा करायचे नाहीत. अशीच सुटतात माणसं." मला फार वाईट वाटलं. तिच्या तोंडून असं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

ऑरिनचं मेपलचं गुऱ्हाळ आहे. मार्च आला की झाडांचा रस गोळा करायचा आणि काहिलीत आटवून पाक करायचा, यात त्याची पंचेचाळीस वर्षं गेली. स्वयंपाकघरात मात्र कॉफीखेरीज त्याने कशाला हात लावला नव्हता.

"वड्या मी करतो," तो म्हणाला.

"तू?"

"तू बसून सांग, मी करतो. आपण दोघं जायचं शनिवारी."

"ठीक. ओट घे चार वाट्या."

"पुढे?"

"पुढे काहीतरी."

"किती काहीतरी? अगं, माप सांग ना!"

"नजरेला बरं दिसेल तेवढं."

ऑरिनने कपाळाला हात लावला. तरी त्याने ओट भाजले, सूर्यफुलाच्या बिया घातल्या, वाळलेल्या क्रॅनबेरी घातल्या. मधाची बरणी उघडली तर तळाशी चमचाभर मध. आणि इथे त्याने आमच्या डोंगरातला माणूसच करील अशी चूक केली. "मध हवाय कशाला? माझा पाक आहे ना!" म्हणत मधाइतकाच मेपलचा पाक ओतला.

"अरे, पण..." थेल्मा म्हणाली.

"माझ्या पाकाला नावं ठेवू नकोस हं."

तिने डाव्या हाताने मला त्याच्यापुढे सरकवलं. मलाही त्याला सांगावंसं वाटलं, पण माझं कोण ऐकणार?

ओव्हनमधून निघालो, गार झालो. ऑरिनने माझ्या रेघांवरून सुरी फिरवली आणि पहिली वडी उचलली. तिचा हातातच भुगा झाला. दुसरीचाही. चोवीसच्या चोवीस ढासळल्या. तो मला उचलून कोंबड्यांकडे निघाला.

"थांब!" थेल्मा ओरडली. "ते घरात आहे ना? मग वापरायचं."

"कशात वापरायचं? भुगा झालाय सगळा."

"पाक पातळ होता."

"पातळ? माझा?"

"धिरड्यांवर ओतायला तुझ्यासारखा पाक नाही जगात. पण वडी धरायला? मार्चमध्ये पोरांना चघळायला बर्फावर ओतून गोळ्या करतोस, तेव्हा असाच बाटलीतून ओततोस का?"

ऑरिन दाराशीच उभा राहिला. मग मला खाली ठेवून पातेलं चुलीवर चढवलं, पाक ओतला, लोणी टाकलं आणि ढवळत राहिला. आता तो स्वयंपाकघरात नव्हताच, आपल्या काहिलीपुढे होता. जूनच्या तोंडावर बर्फ कुठला? त्याने वाटीत गार पाणी घेतलं, त्यात थेंब टाकला, बोटांनी वळला. मऊ गोळी झाली. तो पहिल्यांदा हसला.

भुगा पुन्हा खरपूस भाजून नव्या ओटमध्ये मिसळला, वरून तो गोळीबंद पाक. थेल्मा उठून दाबायला आली, पण मनगटाने साथ दिली नाही. तेव्हा तिने पाकाच्या भरल्या डब्याचा तळ वापरायला सांगितलं. ऑरिनने इतक्या जोराने दाबलं की दुसरा पोचा पडतोय की काय, असं मला वाटलं.

शनिवारी त्या दोघांना पायवाटेच्या तोंडाशी पाहून वेंडेल कानकोंडा झाला. खडकाशी त्याने खोकी उघडून ठेवली. कोणी हातही लावला नाही, सगळ्यांच्या नजरा ऑरिनच्या पिशवीतून निघणाऱ्या माझ्यावर. वड्या अख्ख्या होत्या. घास घेतले आणि गलका सुरू झाला. अक्रोड? नाही. जव? नाही. भाजलेला नारळ? नाहीच. वेंडेलने तिसरी वडी संपवली आणि हात टेकले.

"हरलो बाई. काय घातलंयस यंदा?"

थेल्माने ऑरिनकडे पाहिलं. "ऑरिनची चूक," ती म्हणाली. "अख्खा ट्रेभर."

सगळा डोंगर हसला. ऑरिन सगळ्यात मोठ्याने.

त्या गडबडीत मी वेंडेलच्या सामानाबरोबर खाली उतरलो आणि त्याच्या गाडीत राहिलो. दहा दिवस त्याच्या घरी होतो, अनोळखी फडताळात. माझ्यात काय परत येईल, हाच एक विचार. मग तो स्वतः मला घेऊन आला. वरती रुबार्बचे लालसर, आंबट देठ होते. त्यांच्याखाली पांढऱ्या रंगाचा डबा आणि नवा कुंचला.

"खडकापर्यंतच्या खुणा राहिल्यात रंगवायच्या," तो थेल्माऐवजी माझ्याकडेच बघत म्हणाला. "दरवर्षी कोणीतरी पक्कं माणूस हवंय तिथे. डाव्या हाताने जमेल?"

"वाकड्या येतील."

"येऊ देत."

आता मी खणात आहे. पाठीवर नवी पट्टी आहे, तिच्यावर दोन नावं, थेल्मा आणि ऑरिन, दोन्ही डाव्या हाताने लिहिलेली, वाकडी. तुमच्याकडे कोणाचं भांडं राहिलं असेल तर एकदा पालथं करून बघा. पोचवा ते त्याच्या घरी. पण रिकामं नका हो पाठवू. आत काय येतंय याकडे कोणीतरी डोळे लावून बसलेलं असतं.