व्हिडिओतली बाई

करंगळी सरळ होती. टीव्हीवर थांबवलेल्या चित्रात, निळ्याशार पाण्यात, पिवळ्या माशांच्या घोळक्यातून हात हलवणाऱ्या त्या बाईची करंगळी इतर बोटांसारखीच सरळ… सुमतीची विळीवर कापली तेव्हापासून वाकडी. ठाकुर्लीच्या डॉक्टरकडे रिक्षातून नवऱ्याने, गुरुदत्तांनीच नेलं होतं, टाके घालताना तोंड फिरवून उभे राहिले होते — आणि आता तेच तिचा म्हणून मिळालेला हा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावतायत, आणि त्यांना काही म्हणजे काही खटकत नाही.

त्यांची तक्रार वेगळीच होती. ठाण्याच्या टूरवाल्यांनी जाहिरातीत तळ दिसेल असं पाणी दाखवलं, आणि मालवणला स्कूबा डायव्हिंगच्या दिवशी समुद्रात होता नुसता हिरवा गढूळपणा. बायपास झाल्यामुळे गुरुदत्तांना पाण्यात उतरू दिलं नव्हतं. ते लाइफ जॅकेट घालून बोटीवर बसून राहिले. सुमती एकटीच उतरली आणि वर येऊन म्हणाली, काही दिसलं नाही. तेवढं वाक्य धरून त्यांचं टूरवाल्यांशी भांडण चाललं होतं. वीज मंडळात आयुष्यभर लोकांच्या तक्रारी निस्तरलेला माणूस, स्वतःची थोडीच सोडणार?

पण फोनच्या स्पीकरवरची, टूरवाल्यांकडची ऐश्वर्या नावाची मुलगी त्यांना पुरून उरत होती. "सर, व्हिडिओत मॅडम हात हलवतायत, मासेपण क्लिअर दिसतायत. मग रिफंड कसा करणार?"

गुरुदत्त पुन्हा जाहिरातीवरच आले. सुमतीला त्यांची दया आली, रागही आला. पाणी गढूळ असलं की ही मंडळी आधीच्या एखाद्या चांगल्या दिवसाचा, दुसऱ्याच कुणाचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये घालून देत असणार — काळा सूट, डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, कोण कुणाला ओळखणार! ती मी नाही, एवढं म्हटलं की पैसे परत. पण मग यांना कळणार, की सोसायटीत ज्याला त्याला कौतुकाने दाखवली ती परकीच बाई होती. कळू दे की. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा हात ओळखू येऊ नये?

आणि खाली तर मला माझा हातसुद्धा दिसत नव्हता… मागून धरणारा तो प्रशिक्षकही नाही. फक्त हिरवा अंधार आणि माझा श्वास. कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती — कुणीच नाही, गुरुदत्तही नाही, आणि मला वर यायचंच नव्हतं. काही दिसलं नाही, हे मी तक्रार म्हणून म्हटलंच नव्हतं. आनंदाने आवाज कापत होता माझा. यांना वाटलं थंडी, म्हणून यांनी टॉवेल दिला.

"सुमती, तूच सांग हिला," गुरुदत्तांनी फोन पुढे केला.

"मॅडम, व्हिडिओत तुम्हीच आहात ना?"

गुरुदत्त पडद्याकडे बघत होते. मग तिच्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. कपाळावर बारीकशी आठी पडली. सुमती पाण्याखाली कशी होती, किती खूश होती, हे त्या बाईच्या आड कुणालाही दिसणार नव्हतं. ती बाई परकी ठरली, की खाली काय होतं ते विचारणं आलं, सांगणं आलं.

"हो, मीच," सुमती म्हणाली.

"अगं, मग काही दिसलं नाही असं का म्हणालीस?" फोन बंद करून त्यांनी विचारलं. त्यांचा उतरलेला चेहरा बघून तिला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. पण सकाळपासून त्यांनी ओळखावं म्हणून तळमळणारं तिचं मन आता, त्यांनी टीव्ही बंद करावा, आणखी नीट बघू नये, म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं.