नीट बंद केलेला कॉम्प्युटर

शनिवारी सकाळी पावणेदहा वाजता रेडिओवाल्यांनी कॉम्प्युटर नीट बंद केला. पडदा काळा होईपर्यंत थांबले, मग प्लग काढला, डब्याच्या मागचे दोन स्क्रू सोडवले आणि आतली मेमरीची पट्टी एका टोकाला हलकेच वर उचलली. फार नाही, नखाएवढीच. झाकण जागच्या जागी बसवलं, हात पुसले आणि लेकीला फोन लावला.

"अगं, कॉम्प्युटर बिघडला बघ. नुसता पीं पीं करतोय."

"पुन्हा? अप्पा, महिन्यात दुसऱ्यांदा!"

"यंत्र आहे. त्याला काय सांगणार?"

तिकडून एक मोठा सुस्कारा आला. "बरं, येते बारापर्यंत."

फोन ठेवल्यावर म्हाताऱ्याने स्वतःशीच हसत चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं!

वाचकहो, एवढ्यावरून त्यांना नावं ठेवायची घाई करू नका. या माणसाने चाळीस वर्षं गल्लीतल्या घराघरातले रेडिओ दुरुस्त केले होते. दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी रेडिओवाले हे नाव काही सुटलं नाही. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि एका मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. आई गेल्यावर तिने अप्पांना एक जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "यात व्हायरसची भानगड नाही, उगाच अडकणं नाही. आता तुम्हाला माझी गरजच लागणार नाही!"

तसंच झालं. सव्वा वर्ष त्या डब्याने कुरकूर केली नाही. सव्वा वर्षात लेक दोनदा आली. फोन मात्र दर आठवड्याला यायचा.

"अप्पा, कॉम्प्युटर चालतोय ना?"

"चालतोय."

"छान. ठेवते मग, कामात आहे."

मग एकदा डबा खरोखर बिघडला. सुरूच होईना. लेक शनिवारी धावत आली, डबा टेबलावर आडवा घातला आणि म्हणाली, "अप्पा, बॅटरी धरा जरा. आत दिसत नाही." त्यांनी बॅटरी धरली. तिने मेमरीची पट्टी काढली, सोनेरी कडा खोडरबराने घासली, पुन्हा दाबून बसवली. खालमानेने काम करताना ओठ दुमडायची तिची सवय तशीच होती. सहा वर्षांची असताना दुकानातल्या स्टुलावर उभी राहून ती त्यांना अशीच बॅटरी धरायची आणि "अप्पा, सापडलं का?" म्हणून दर मिनिटाला विचारायची. त्या शनिवारी ती जेवायला थांबली. बोलता बोलता आईची नक्कल केली, दोघं पोट धरून हसले. ती गेल्यावर घर इतकं रिकामं वाटलं की त्यांना कुठे बसावं तेच सुचेना.

पुढच्या महिन्यात पट्टी आपोआप सैल झाली नाही. म्हणून त्यांनी ती केली.

माणूस जात्याच कारागीर, एका बिघाडावर थोडाच थांबणार! एकदा डिस्कची केबल सैल केली. एकदा तर त्यांनी चष्मा लावून, पुस्तकात बघून, सुरू होताना कुठली डिस्क जोडायची ते लिहिलेल्या फाईलमध्ये एक अक्षर बदललं. बिचारी लेक तीन तास डोकं खाजवत होती. त्यांच्या मते तो आजवरचा सगळ्यात सुंदर शनिवार होता.

पण या शनिवारी लेक आली ती घुश्श्यातच. चहा उभ्यानेच प्यायली. पट्टी बसवली, पडदा उजळला, तशी म्हणाली, "अप्पा, पुढच्या शनिवारी मी याचा कायमचा इलाज करते. हाताएवढा नवा डबा आणते. तो उघडताच येत नाही. आणि काही अडलंच तर माझ्या घरी बसून मी तुमचा पडदा बघीन, तिथूनच दुरुस्त करीन. तुम्हाला माझी वाट बघत बसायला नको!"

म्हाताऱ्याने तिचा रिकामा कप उचलून पुन्हा तिथेच ठेवला. तोंडाने मात्र ते म्हणाले, "वा! फारच सोय झाली."

त्या आठवड्यात त्यांचं कशात लक्ष लागेना. शेजारच्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, रोज वर्तमानपत्र परत द्यायला यायच्या. त्यांच्या नजरेतून विद्यार्थी कधी सुटले नव्हते, रेडिओवाले कुठून सुटणार?

"दर दुसऱ्या शनिवारी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन काय करता हो तुम्ही? खिडकीतून दिसतं मला."

रेडिओवाल्यांनी आधी टाळाटाळ केली, मग सगळं कबूल केलं. बाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. बाई हसल्या नाहीत.

"एक सांगा, दुकानात गिऱ्हाईक खरा बिघाड लपवून भलतंच सांगायचं, तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"काय करणार, चिडायचो! रेडिओ पोराने पाडलेला असायचा आणि सांगायचे, आवाज बारीक येतो. दिवस फुकट जायचा. मी म्हणायचो, नेमका बिघाड सांगा, तर दुरुस्ती होईल."

"मग लेकीचा दिवस का फुकट घालवता?"

"तिला कामं असतात, बाई. माझ्यासाठी ये म्हणायचं म्हणजे... भीक मागितल्यासारखं वाटतं."

"स्वतःच्या लेकीला ये म्हणणं म्हणजे भीक? आणि खोटं बोलून बोलावणं ही इभ्रत?" बाईंचा आवाज चढला, मग त्याच हळू म्हणाल्या, "माझा मुलगाही दर रविवारी विचारतो, टीव्ही चालतोय ना, औषधं पोचली ना? मीही नुसतं हो म्हणते. आपणच सांगत नाही, तर मुलांना कळणार कसं?"

शनिवार उजाडला. आज काही करायचं नाही, लेक येणारच आहे, असं त्यांनी स्वतःला दहादा बजावलं. पण आज शेवटचं. नवा डबा बसला की बॅटरी धरणं संपलं. पावणेदहाला त्यांनी कॉम्प्युटर नीट बंद केला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

लेक नवा डबा घेऊन आली. जुना सुरू करायला गेली, तर पीं पीं! "बॅटरी धरा," म्हणाली, पट्टी दाबली, डबा सुरू केला. फोटो नव्या डब्यात न्यायच्या आधी डिस्क धड आहे ना ते बघावं म्हणून तिने काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली. कॉम्प्युटर स्वतःची रोजनिशी ठेवतो, कधी सुरू झाला, कधी बंद पडला, सगळं. पांढऱ्या अक्षरांची यादी भराभर वर सरकली.

लेकीचा हात थांबला.

"अप्पा, डबा शनिवारीच का बिघडतो?"

"योगायोग."

"आणि दर वेळी पावणेदहालाच?"

रेडिओवाल्यांनी बॅटरी उगाच बंद केली, चालू केली.

"बिघडणारं यंत्र मध्येच धाडकन बंद पडतं, अप्पा. इथे गेल्या सहाही वेळा सगळी कामं आवरून, फाईली मिटवून, रीतसर बंद केलाय. आणि त्यानंतर मी येईपर्यंत तो सुरूच झालेला नाही. मग पीं पीं ऐकली कोणी?"

आता लपवायला जागाच उरली नव्हती. म्हाताऱ्याची मान खाली गेली. "तूच शिकवलं होतंस ना, आधी नीट बंद करायचा म्हणून," ते पुटपुटले. "चालू यंत्राचा प्लग ओढायला हात धजेना."

लेक खो खो हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे कधी भरले, तिचं तिलाच कळलं नाही. "पण का, अप्पा? मी किती वेळा दुसऱ्यांची कामं पुढे ढकलून आले!"

बाईंचे शब्द त्यांच्या कानात होते. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलेलं आज स्वतःला लागू करायचं होतं. बॅटरी खाली ठेवून त्यांनी सांगितलं.

"मला करमत नाही गं. तुझी आई गेल्यापासून मला या घरात करमत नाही. तू फोन करतेस, कॉम्प्युटर चालतो का विचारतेस. तो चालतो, बाळा. तो फार चांगला चालतो. पण मी काय सांगू तुला?"

अरेरे! हॉस्पिटलातल्या शंभर कॉम्प्युटरांची नस ओळखणारी ही लेक, तिला स्वतःच्या बापाचं हे एवढंसं दुखणं दिसलं नव्हतं! ती खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली. "मला वाटायचं, मी तुमची किती काळजी घेते," एवढंच ती म्हणू शकली.

त्या दिवशी नवा डबा खोक्यातून बाहेर निघालाच नाही. जुना टेबलावर उघडाच राहिला, आणि दोघं शेजारच्या बाईंना घेऊन जेवायला बसले.

मित्रांनो, आपण आईवडिलांना यंत्रं देतो, ती सुरू आहेत ना याची चौकशी करतो, आणि कर्तव्य झालं म्हणून निश्चिंत होतो. चौकशी यंत्राची नको, माणसाची करा! आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्हीही मनातलं दडवू नका. 'ये' म्हणण्यात कसला आला कमीपणा? बोलावणाऱ्याने खरं बोलावं आणि येणाऱ्याने निमित्ताची वाट बघू नये, एवढं जरी झालं तरी कितीतरी घरं बोलती होतील.

पुढच्या शनिवारी पावणेदहाला रेडिओवाल्यांचा फोन वाजला. कॉम्प्युटर झाकण लावून ठणठणीत चालू होता.

"अप्पा, करमतंय का?"

त्यांनी चालू पडद्याकडे बघितलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

"निघालेच. चहा टाका."