मास्तरांनी न सोडलेला पत्ता

मी मोडेम बोलतोय. कळंब्यात आकाराम मास्तरांच्या घरी, माळ्यावरच्या खोक्यात पडून आहे. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणायचं, एवढंच माझं काम होतं. मी चालू असेतो घरातला फोन बंद पडायचा.

मला घरी आणलं ते मास्तरांच्या लेकीनं, वर्षाराणीनं. तेव्हा ती कॉलेजात होती. राजारामपुरीत विजयसिंह नावाच्या माणसाची छोटी इंटरनेट कंपनी होती, तिचं कनेक्शन तिनं घेतलं. वडिलांच्या नावाचा ईमेल पत्ता काढून दिला, पासवर्ड वहीत लिहून ठेवला.

पुढच्या वर्षी तिनं आपल्या पसंतीनं लग्न ठरवलं. मुलगा दुसऱ्या जातीचा. मास्तरांनी आरडाओरडा केला नाही. दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "गेलीस तर या घरात परत यायचं नाही." ती गेली. घरात तिचं नाव काढायचं नाही, असंही त्यांनी बायकोला, बाळाबाईंना बजावलं.

चार महिन्यांनी माझ्यातून तिचं पत्र आलं. 'आप्पा, मी बरी आहे. राग गेला असेल तर एक ओळ लिहा.' मास्तर उत्तर टाइप करायचे आणि पुसायचे. यात दोन महिने गेले. शेवटी एकदा त्यांनी पाठवलं, तर ते तसंच परत आलं. तिनं तिकडची इंटरनेट कंपनी बदलली होती, तिचा जुना पत्ता बंद झाला होता.

तेव्हापासून आंघोळ झाली की मास्तर आधी मला चालू करत. लेकीचं काहीच आलेलं नसे.

हळूहळू ब्रॉडबँड आलं आणि लोक विजयसिंहला सोडून जाऊ लागले. त्यांचंही खरंच होतं. एक फोटो उतरायला अर्धा तास कोण बसणार? परदेशातल्या पोरांशी कॅमेऱ्यावर बोलायचं, तर मी काय कामाचा? जे राहिले ते सवयीनं राहिले, नवं शिकायच्या कंटाळ्यानं राहिले. मास्तरांना कुणी विचारलं, तर मला पुरतंय म्हणत. खरं कारण वेगळं होतं. कंपनी सोडली की पत्ता गेला. घरी यायला त्यांनीच बंदी केलेली, फोन करायचं धाडस ती करणार नाही. लिहिलं तर ती इथंच लिहील.

अशी सात वर्षं गेली. मग एक दिवस विजयसिंह स्वतः घरी आला. महिनाअखेर सगळं बंद करतोय म्हणाला. मास्तरांनी त्याचा हात धरला.

"बाकी काही नको मला. तेवढा पत्ता राहू दे."

"न्हाय जमत, मास्तर. पत्रं ज्या मशीनवर येत्यात, तेच मोडीत निघालंय."

शेवटच्या दिवशी मास्तर सकाळपासून माझ्यासमोर बसले. जोडणी तुटे, ते पुन्हा जोडत. जेवायला उठले नाहीत. चारच्या सुमारास मी कितीही ओरडलो तरी पलीकडून कुणी उत्तर देईना. मास्तर बटण दाबतच राहिले.

बाळाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "तिचा नंबर हाय माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "पाच वर्सं झाली, बाजाराला गेलं की बूथवरनं बोलतोय मी तिच्याशी."

मास्तर वळले. "मला सांगितलं नाहीस?"

"नाव काढायचं न्हाय म्हणालता. कधीतरी इचाराल म्हणून थांबलो."

मग त्यांनीच माझ्यातली तार उपसली आणि फोनला लावली. नंबर बाळाबाईंनी फिरवला.

"मी आप्पा," मास्तर म्हणाले.

पलीकडून घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला.

"आप्पा, आईला काय झालं?"

बापाचा फोन आला म्हणजे घरात काही वाईट घडलं असणार, एवढंच लेकीला सुचलं होतं.

उन्हाळ्यात ती दोन दिवस येऊन गेली. बरोबर चार वर्षांची मुलगी होती. नातीला काय म्हणून हाक मारायची, हे मास्तर स्वयंपाकघरात जाऊन हळूच बाळाबाईंना विचारत होते.

मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण वाचणाऱ्या पावण्यांनो, तुम्हीही कुणाची अशी वाट बघत असाल, तर उठा आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारा. मास्तरांना ते विचारावं लागू नये, याची सोय सात वर्षं मीच करत होतो.