सासूबाईंचं पोट आणि सत्तरचा आकडा

माझ्या सासऱ्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर, स्वतःवर आणि गोडी मोजायच्या यंत्रावर. पैकी यंत्र निदान अधूनमधून तरी खरं बोलायचं.

आमच्या कारखान्यात डेलियाच्या फुलझाडांच्या कंदांपासून फळसाखर, म्हणजे फ्रुक्टोजचा पाक बनतो. कंदातल्या साखरेचे कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. टाकीत एन्झाइम घालून त्यांना दोन दिवस सोडवत बसावं लागतं. घाई केली तरी पाक दिसतो छान, लागतोही बरा, पण पोटात गेला की वात. यंत्राला यातलं ओ की ठो कळत नाही. पाण्यात किती विरघळलंय, एवढंच ते सांगतं.

जॅमवाले येणार म्हणून सासऱ्यांनी टाकी एक दिवस आधीच रिकामी करून पाक आटवला. ही ऑर्डर हुकली तर कारखान्याला टाळंच लागणार होतं. मी इथली केमिस्ट. मी भांड भांड भांडले.

"जॅमला सत्तर लागतात, यंत्र सत्तर दाखवतंय," ते म्हणाले. "तुझी पुस्तकं ठेव कपाटात."

सासूबाई ऐकत होत्या. "आण गं इकडे चार चमचे," म्हणाल्या आणि तो पाक खाऊन मोकळ्या झाल्या.

त्यांचं पोट हा घरातला नाजूक विषय. चार लोकांत आवाज झाला की सासरे डोळे वटारणार आणि त्या बिचाऱ्या आत पळणार, असं चाळीस वर्षं चाललेलं. मला त्याचा भयंकर राग यायचा.

संध्याकाळी जॅमवाले आले तेव्हा सासूबाईही येऊन बसल्या. जॅमवाल्यांनी चमचा चाटला, "वा!" म्हणाले आणि सहीसाठी पेन काढलं. तेवढ्यात सासूबाईंच्या खुर्चीतून आवाज आला. चांगला लांबलचक. सासऱ्यांनी डोळे वटारले.

"वटारा," सासूबाई म्हणाल्या. "आज मी उठणार नाही. साहेब, पाक कच्चा आहे. लोकांच्या पोरांना घालू नका."



जॅमवाल्यांनी पेनाला टोपण लावलं. "मागच्या वर्षी दुसरीकडून असाच घेतला होता. सगळा माल परत आला, पण का ते लाजून कुणी सांगेना." मग सासऱ्यांकडे न बघता म्हणाले, "चार दिवसांनी येतो. बाई हो म्हणाल्या तर घेतो."

आता प्रत्येक टाकीतला पाक आधी सासूबाई खातात आणि दार लावून निवांत पेपर वाचतात. फाटकात टँकर उभा, दाराबाहेर खुर्ची टाकून सासरे.

काल आतून आवाज आला. सासऱ्यांनी डोळे वटारले नाहीत. मुकाट्याने उठले, फाटकापर्यंत गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "इंजिन बंद कर. बाई नको म्हणतायत."